अठरा वर्षांचा चीक

जलरंगातल्या चित्राचा अर्थ लावण्यापूर्वी ते एकदा तरी काचेबाहेर काढून पाहावे, असा नियम सौंदर्यशास्त्रात नाही. तसा तो असता, तर डॉक्टरांची एकेचाळीस पाने जन्मालाच आली नसती. हे डॉक्टर नाडी पाहणारे नव्हेत. जलरंगकारांच्या प्रेरणांवर प्रबंध लिहून त्यांनी ती पदवी मिळवली होती आणि उभ्या आयुष्यात त्यांच्या बाहीवर रंगाचा एक थेंब पडला नव्हता. प्रेरणा म्हणजे दुःख, हा त्यांचा सिद्धांत. ज्या चित्रकाराकडे दुःख नसे त्याला ते स्वतः पुरवत.

फ्रेमवालीच्या मावशीला त्यांनी असेच दुःख पुरवले होते. चाळीस वर्षे जलरंगांत काम करून मावशी चौसष्टाव्या वर्षी, एका दुपारी, जिन्यात कोसळून गेली. टेबलावर शेवटचे चित्र राहिले: समोरच्या लाँड्रीची गच्ची, मागे निळीजांभळी भिंत, तिच्यापुढे हवेत लोंबणारे मळकट करडे आकार, आणि त्यांतल्या सर्वांत लहान आकारात एक काळसर ठिपका. मामाने, म्हणजे मावशीच्या धाकट्या भावाने, ते पंधरा दिवसांच्या आत फ्रेम करून दिवाणखान्यात टांगले. डॉक्टरांनी ते सोफ्यावर बसून, काचेतल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबासकट पाहिले आणि 'करडा अस्त' हा निबंध लिहिला. करडे आकार म्हणजे प्रेतवस्त्रे. काळा ठिपका म्हणजे अस्तित्वाच्या गाभ्यातली पोकळी. जिने जन्मभर कागदाचे पांढरेपण जिवापाड राखले, तिचा अखेरीस पांढऱ्यावरचा विश्वासच उडाला आणि मृत्यूची वाट पाहत ती गप्प झाली.

छापून आलेल्या गोष्टीला घरात मान असतो. निबंध वाचून मामा रडला. मग हळूहळू एकेका नातेवाइकाला आठवू लागले की हो, शेवटी शेवटी ती जरा उदासच असायची. फ्रेमवालीला तसे काहीच आठवत नव्हते, आणि तेच तिच्या मनात सलत राहिले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, मावशीच्या घरी राहून रंग शिकत होती, आणि नेमकी त्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर चार दिवस सहलीला गेली होती. एवढे मोठे दुःख शेजारच्या खुर्चीत बसले असताना जिला ते दिसले नाही, तिने चित्रे काढण्याच्या भानगडीत पडू नये, असा निकाल तिने स्वतःच स्वतःला दिला. कुंचले गुंडाळून ठेवले. लोकांच्या चित्रांना फ्रेम करून देण्याचे दुकान टाकले. अठरा वर्षांत त्या दुकानाचे नाव झाले आणि तिला सगळे फ्रेमवाली म्हणू लागले.

आता मावशीच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन उद्यावर आले होते आणि त्यात 'करडा अस्त'ला स्वतंत्र भिंत मिळणार होती. चित्राभोवतीचा जाड पुठ्ठ्याचा माउंट पिवळा पडला, एवढ्यासाठी ते चित्र फ्रेमवालीकडे आले. दुपारी चारला संग्रहालयाची गाडी ते न्यायला येणार होती. सकाळी अकराला तिने फ्रेम पालथी घातली, मागचे खिळे पकडीने उपसले, पाठीचा पुठ्ठा काढला, काच बाजूला ठेवली आणि माउंट दोन्ही हातांनी अलगद उचलला.

तीन कडा सुटल्या. चौथी सुटेना.

ती खाली वाकली. माउंटची कड आणि एक करडा आकार यांच्यामध्ये केसाएवढी बारीक तार ताणली गेली होती. तिने माउंट आणखी थोडा उचलला. तार लांबली, आणखी लांबली, टप् करून तुटली आणि आखडून मागे गेली.

जलरंग ताणला जात नाही. तो ओघळतो, फुटतो, डागाळतो, उन्हात उडून जातो. पण ताणला जाऊन आखडणे त्याच्या कुळात नाही. फ्रेमवालीने खणातले भिंग काढले. करड्या आकारावरचा रंग कागदात मुरलाच नव्हता. एका पिवळट कातडीवर तो बारीक बारीक थेंबांनी बसून वाळला होता, तेलकट ताटलीवर पाणी बसते तसा. तिने नाक जवळ नेले. अठरा वर्षे काचेआड कोंडलेला, सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा एक मंद वास.

"चीक!" ती रिकाम्या दुकानात ओरडली. "अगं मावशी, चीक आहे हा!"

ज्यांनी पाण्यात कुंचला बुडवलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. कागदच कोरा सोडतात. ज्यांचा हात अजून बसलेला नाही, ते कोरी ठेवायची जागा रबराच्या पातळ चिकाने झाकतात. बाटलीवर मास्किंग फ्लुइड असे भारदस्त नाव असते. चीक वाळला की वरून बेधडक रंग फिरवायचा, तोही वाळला की चीक बोटाने चोळून सोलून टाकायचा, आणि खालून लख्ख कागद उघडतो. सोलायचे राहिले तर चित्रावर मळकट खपल्या राहतात. त्या पुरेशी वर्षे राहिल्या तर त्यांना तत्त्वज्ञान चिकटते.

पण ही मावशी होती! चिकाचा तिला कोण तिटकारा. "पांढरं हातानं राखायचं असतं. कुबड्या घेऊन कोणी नाचतं का?" हे तिचे वाक्य डॉक्टरांच्या निबंधात सतराव्या पानावर छापलेले होते. सहलीला जाण्याच्या आदल्या दिवशी फ्रेमवालीने हौसेने चिकाची बाटली विकत आणली, तो चीक लावून एक चित्र सुरूही केले आणि मावशीच्या मागे लागली, "एकदा लावून तर बघ." मावशीने कडू औषध पुढे केल्यासारखे तोंड केले होते. भाची परतली तेव्हा घरात माणसेच माणसे होती, आणि रंगांच्या पेटीत बाटली नव्हती. तसल्या दिवसांत बाटली कोण शोधतो?

आता ती बाटली तिला दिसली. भाचीची पाठ वळताच तिची पेटी उघडणारी, चौसष्ट वर्षांची, चाळीस वर्षे ज्याला नावे ठेवली त्याच चिकात चोरून कुंचला बुडवणारी मावशी तिला दिसली. रडत, वाट पाहत, गप्प होत चाललेली बाई दुसऱ्याची बाटली ढापत नाही. पण मग त्या कातडीखाली आहे तरी काय?

तिने मामाला फोन लावला.

"मामा, आहेस तसा निघून ये."

"अगं, डॉक्टर आलेत माझ्याकडे. उद्याच्या भाषणासाठी मी आठवणी सांगतोय त्यांना."

"त्यांनाही घेऊन ये. उरलेल्या आठवणी इथे सांग."

दोनच्या सुमारास दोघे आले. मामा निवृत्त लाँड्रीवाला. मावशीच्या खिडकीसमोरची ती लाँड्री त्याचीच. इस्पितळांच्या चादरी धुण्यात त्याची हयात गेली होती, आणि अजूनही समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी तो त्याची कॉलर पाहत असे. डॉक्टर पांढरे हातमोजे घालूनच गाडीतून उतरले.

फ्रेमवालीने एका दमात सगळे सांगितले. इतक्या भरभर, की मामाने दोनदा थांबवले. "घाई, हळू! श्वास घे." घाई हे तिला मावशीनेच ठेवलेले नाव. पहिला थर वाळण्याआधीच ती त्यावर दुसरा देत असे, म्हणून.

डॉक्टर शांतपणे हसले. "ताई, तुम्ही तंत्राबद्दल बोलताय. मी जाणिवेबद्दल लिहिलंय."

"जाणीव बोटाला चिकटते का, डॉक्टर? हातमोजा काढा आणि इथे टेकवा. बघा. चिकटली ना?"

डॉक्टरांनी बोट झटकले. "समजा, असेल चीक. तरी तो तसाच ठेवणं हा कलावंताचा निर्णय असू शकतो."

"ती जिन्यात पडली, डॉक्टर. निर्णय घ्यायला परत वर आलीच नाही."

"चित्र पूर्ण आहे," डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात: "आणि कॅटलॉगही छापून झालाय."

मामा दोघांच्या मध्ये उभा राहून चित्राकडे पाहत होता. "घाई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं. सोलताना कागदच फाटला तर? हे तिचं शेवटचं आहे. पुन्हा काढून द्यायला ती यायची नाही."

"मामा, अठरा वर्षं आपण धरून चाललोय की ती रडत रडत गेली. तू धरलंस, मी धरलं. खाली काय आहे ते मला बघायचंय. नुसतं कोरं निघालं तरी चालेल."

मामाने डोके खाजवले. धंद्यातला माणूस तो. भावनेवर त्याने कधी चादर धुतली नव्हती. "नवीन साबण आला की मी आधी चिंधीवर घालून बघायचो. तशी चिंधी आहे तुझ्याकडे? याच कागदाची, याच चिकाची?"

चिंधी होती. फ्रेमवालीने शिडी लावली, माळ्यावरून कापडी फोल्डर ओढले आणि धुळीचा लोट खाली आणला. आत तिचे स्वतःचे अर्धे राहिलेले चित्र होते: खिडकीत उभ्या पाच बाटल्या, त्यांच्या काचेवरच्या चकाकीच्या जागी पिवळट खपल्या. तोच कागद, तीच चिकाची बाटली, तोच आठवडा. आयुष्यात काढलेले तिचे शेवटचे चित्र. ते हातात येताच तिला वाटले, बाटल्या काही वाईट जमल्या नव्हत्या. मग तिने ते टेबलावर टाकले आणि पहिल्या बाटलीवर अंगठा दाबून जोरात चोळला.

चीक निघाला. त्याच्याबरोबर कागदाचा रुपयाएवढा पापुद्राही निघाला आणि चित्रावर मऊ, केसाळ जखम उरली.

"हं," डॉक्टर म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये एकेचाळीस पाने होती.

मामाने मावशीच्या चित्रावर आडवा हात धरला. "बास झालं. आहे ते राहू दे."

"थांब. थांब मामा, एकच मिनिट." फ्रेमवालीचे कान तापले होते. चूक चिकाची नव्हती, तिचीच होती. वाळलेले-न वाळलेले न पाहता हात घालण्याची जुनीच खोड. रबर जुने झाले की ताठरते आणि कागदाला दातांनी धरून बसते. त्याला आधी ढिले करायला हवे. पुठ्ठ्यावरचा गोंद वाळवायला ती केस वाळवायचा ड्रायर वापरत असे. तो तिने सर्वांत मंद ठेवून, वीतभर वरून, दुसऱ्या बाटलीवर फिरवला. हाताच्या मागच्या बाजूने ऊब तपासली. तापलेल्या पोराचे कपाळ पाहावे तशी पुन्हा तपासली. मग पहिल्या बाटलीच्या निघालेल्या चिकाची गोळी केली आणि ती दुसऱ्या बाटलीच्या खपलीवर नुसती टेकवून उचलली. चोळले नाही.

चिकाला चीक चिकटला. खपलीची कड सुटली, वळली आणि सालीसारखी निघून आली. खाली पांढरे. नुकत्याच उघडलेल्या रिमसारखे पांढरे, अठरा वर्षांत ना धूळ लागलेली ना ऊन. बाटली एकदम काचेची झाली.

मामा पुढे झाला. चष्मा कपाळावर सारून त्याने नाक कागदाला लावले. "हे कुठून आलं?"

"इथेच होतं."

"इतकं पांढरं?" मामाने डॉक्टरांकडे वळून पाहिले आणि अठरा वर्षांचा साचलेला अपमान त्याच्या तोंडून बाहेर पडला. "मी तेव्हाच म्हणणार होतो! माझ्या चादरी इतक्या मळक्या कधीच निघाल्या नाहीत. इतक्या मळक्या निघाल्या असत्या तर इस्पितळानं मला दारात उभं केलं नसतं. पण तुमचं छापून आलेलं, आपण काय बोलणार? वाटलं, हिला तशा दिसल्या असतील. किती वाजले?"

"पावणेतीन."

"मग बघत काय बसलीस? म्हणे घाई!"

"माझा विरोध होता, याची मी लेखी नोंद करतो," डॉक्टर म्हणाले.

"करा," फ्रेमवाली म्हणाली. "त्या स्टुलावर बसून करा. उजेड अडतोय."

मावशीच्या चित्रावरची पहिली खपली निघायला सात मिनिटे लागली. फ्रेमवालीने घाई हे नाव अंगावरून उतरवून खुंटीला टांगले होते. ऊब, हात, गोळी, उचल. ऊब, हात, गोळी, उचल. मामा ड्रायरची वायर धरून, आरतीचे तबक धरल्यासारखा अवघडून उभा होता. पहिली चादर उघडली आणि फ्रेमवाली आणखी खाली वाकली. ते लोंबणे नव्हतेच! चादर वाऱ्याने फुगली होती. करड्या मळात हरवलेली तिची कड एका फटकाऱ्यात वर उडाली होती, इतकी वर की खालचा कोपरा कागदाबाहेर निघून गेला होता. शेजारची तिच्यावर आदळत होती. तिसरी दोरीभोवती गुंडाळली गेली होती. मागची निळीजांभळी भिंत, जिला डॉक्टरांनी 'रात्रीची चाहूल' म्हटले होते, ती त्या पांढऱ्यांच्या मागे सरकली आणि निव्वळ दुपारची सावली झाली.

"अरे, म्हणून चीक!" फ्रेमवाली नाचायचीच बाकी होती. "मामा, वारा होता! उडत्या चादरीची कड हातानं राखणार कशी? तिला एवढ्या वेगात भिंत रंगवायची होती, एकाच ओल्या थरात, न थांबता. म्हणून बाटली ढापली माझी. चोरटी! चाळीस वर्षं चिकाला नावं ठेवली आणि एवढ्याशा वाऱ्यासाठी सगळं तत्त्व गुंडाळून ठेवलं!"

डॉक्टर स्टुलावरून उठले होते. हातमोजे कधी खिशात गेले ते त्यांनाही कळले नव्हते.

आता राहिला तो सर्वांत लहान आकार, मध्ये काळा ठिपका असलेला. निबंधाची शेवटची अकरा पाने याच ठिपक्याभोवती फिरत होती. फ्रेमवालीने नवी गोळी केली. वरून दोन पट्ट्या सुटल्या, खांदे. मग खालचा भाग, वाऱ्याने पोट पुढे काढल्यासारखा फुगलेला. ठिपक्याच्या जागी चीक लावलेलाच नव्हता. मागच्या भिंतीचा निळाजांभळा रंग तेवढ्यापुरता आरपार दिसत होता. मावशीने मूगभर जागा मुद्दाम, नेमकी सोडली होती.

मामा लालबुंद झाला.

"हे माझं बनियन आहे."

"प्रतीकात्मक अर्थानं?" डॉक्टरांनी विचारले.

"अहो, घालायच्या अर्थानं! हे भोक सिगारेटचं. बायकोपासून लपवायला मी ते घरी न नेता लाँड्रीतच धुवायचो आणि चादरींच्या मागे वाळत घालायचो. मागे! पण हिच्या खिडकीतून..." मामाने वायर खाली ठेवली आणि कपाळ पुसले. "त्या दिवशी मी ते काढायला गच्चीवर गेलो. तर ही खिडकीतून ओरडली, 'हात लावू नकोस त्याला! एक तास तसंच राहू दे!' मी म्हटलं, वेड लागलंय का, रस्त्यावरची माणसं बघतायत. तर म्हणते, 'भोकासकट काढतेय तुला, उद्या भिंतीवर टांगते!' मी चिडून खाली गेलो. तासाभरानं ती जिन्यात पडल्याचं कळलं. माझ्याकडेच येत असणार. चिडवायला."

"हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काही न छापलेले होते.

"तुम्ही वही उघडून बसला होता. 'शेवटी काय बोलल्या?' म्हणून विचारलंत. आता सख्ख्या भावानं काय सांगायचं, बनियनवरून भांडलो? म्हटलं, गप्प होती."

एकोणतिसावे पान, 'मौनाची निवड', अशा रीतीने लिहिले गेले होते.

फ्रेमवालीने मामाचा दंड धरला. "मामा, ती ओरडली तेव्हा हसत होती?"

"हसत? अगं, खिदळत होती. गच्चीवर ऐकू येत होतं मला. म्हणून तर राग आला!"

फ्रेमवाली खाली बसली. तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती नवा माउंट कापू लागली, कारण साडेतीन वाजले होते. पात्याची रेघ एकदाही वाकडी गेली नाही. चित्र बसवले, काच पुसली, खिळे ठोकले. चारला गाडी आली. मामाने फ्रेम स्वतः उचलून, नवरी पाठवावी तशी, आत ठेवली.

डॉक्टर गाडीपाशी वही घेऊन घुटमळले. पंडित माणूस बुडत नाही. तो फक्त पाणी बदलतो. "उद्या भाषणात... म्हणजे, मूळ प्रेरणा म्हणून नेमकं काय सांगावं?"

"भोकाचं बनियन," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहून घेतले.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. दुकानात टेबलावर पाच बाटल्यांचे चित्र पडले होते, एक फाटकी, एक लख्ख, तीन अजून झाकलेल्या. फ्रेमवालीने ते बाजूला सरकवले, माउंटवर रंगाच्या रेघा ओढायचा एकुलता एक कुंचला घेतला, वाटीत पाणी घेतले आणि कोरा कागद पुढे ओढला. चीक नव्हता. पांढरे हातानेच राखायचे होते.

मामा दारात उन्हात उभा राहून मान पुसत होता. पुसून झाल्यावर त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा उचलायला हात वर नेला.

"मामा!" ती आतून ओरडली. "हात लावू नकोस त्याला!"